बोट थांबत का नाही: ॲपच्या आतल्या बाजूने

चोपडा तालुक्यातल्या एका शिक्षिकाताईंनी विचारलंय: मुलगा अकरावीत आहे, रात्री एक-दीडपर्यंत रील्स आणि गेम. सासूबाई सत्तरीच्या, जेवण झाल्यावर भजन लावून बसतात ते दिवेलागणीलाच उठतात. मिस्टर केळीचा भाव बघायला फोन उघडतात, तासाभराने ठेवतात, आणि भाव किती निघाला विचारलं तर पुन्हा उघडतात. 'यात आमच्या मनाचा कमकुवतपणा किती आणि ॲप बनवणाऱ्यांची करामत किती? ते नेमकं करतात काय? आणि घरात भांडण न होता काही करता येईल का?'

ताई, मी मूळचा जळगावचा. बरीच वर्षं पुण्यात ॲप डिझाइनचं काम केलं, आता इकडे राहून तेच करतो. त्यातला मोठा काळ 'रिटेन्शन' टीममध्ये गेला. ॲप डाउनलोड केलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत आला का, सातव्या दिवशी आला का, तिसाव्या दिवशी आला का, यावर नजर ठेवणारी ही टीम असते. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकतो. मनाच्या कमकुवतपणाचा विचार डोक्यातून काढा. तुमच्या घरात तीन पिढ्यांची, तीन स्वभावांची माणसं आहेत आणि तिघांचं एकच होतंय. तिघांची मनं एकाच वेळी कशी ढिली पडतील?

करामत काय आहे ते आखाजीवरून, म्हणजे अक्षय्य तृतीयेवरून सांगतो. आपल्याकडे आखाजीला पत्ते कुटायची रीत किती जुनी आहे ते तुम्हाला सांगायला नको. एरवी सुपारीचं खांड न खाणारा माणूसही त्या दिवशी झाडाखाली डाव मांडून बसायचा. जुगाराची चटक कशात असते, तर पुढचं पान काय येईल ते ठाऊक नसण्यात. पण त्या डावाला उठायच्या जागा पुष्कळ होत्या. पानं पिसायला वेळ जायचा. खिसा रिकामा व्हायचा. सोबतचा एखादा 'बस भो' म्हणून उठायचा. घरून पोरगं बोलवायला यायचं. आणि आखाजी सरली की सालदाराचं नवं साल लागायचं, शेतात हजर व्हावं लागायचं. फोनमधल्या ॲपने पानाची उत्सुकता तेवढी ठेवली आणि उठायच्या जागा एकेक करून बुजवल्या. बाकी सगळं तपशिलाचं काम आहे. मी आणि माझ्यासारखे हजारो लोक ज्या कामाचा पगार घेतात ते हेच तपशिलाचं काम.

बाहेरच्यांना वाटतं की कुठल्याशा बंद खोलीत मानसशास्त्रज्ञ बसलेत आणि कट शिजतोय. मी ज्या मीटिंगांत बसलो तिथे 'लोकांना नाद लावूया' असं कुणी कधी म्हणालं नाही. म्हणायचे ते असं: 'डी-सेव्हन पडलाय, काय करता येईल?' डी-सेव्हन म्हणजे सातव्या दिवशी परतणाऱ्यांचं प्रमाण. मग कुणी सुचवायचं, घंटीवर लाल ठिपका दाखवून बघू. निम्म्या लोकांना लाल ठिपका, निम्म्यांना करडा. आठवड्याने आकडे बघायचे. ज्या बाजूचे लोक जास्त वेळा परतले ती बाजू राहिली, दुसरी गेली. याला ए-बी टेस्ट म्हणतात. मोठ्या कंपन्यांमध्ये अशा चाचण्या बारा महिने, एकाच वेळी शेकड्यांनी चालू असतात. बटणाचा रंग, वाक्यातला एक शब्द, व्हिडिओ संपल्यावर पुढचा सुरू व्हायला लागणारे सेकंद, सगळं असं चाळून निघतं. पाच वर्षांनी जे ॲप उरतं ते कुणा एकाच्या डोक्यातून निघालेलं नसतं. जे जे माणसाला बसवून ठेवतं तेवढंच त्यात शिल्लक राहिलेलं असतं. मला विचाराल तर हे कटापेक्षा जास्त चिंतेचं आहे. कटाला निदान करणारा माणूस सापडतो. इथे मोजमापाच्या तक्त्यात 'किती वेळ बसला' हा रकाना सेकंदांत भरता येतो आणि 'समाधानाने उठला का' हा रकानाच नसतो.

अर्थात वरच्या लोकांना काही कळत नव्हतं असंही नाही. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी 2017 मध्ये उघड सांगितलं की लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसं खायचं याच विचारातून ते ॲप बांधलं गेलं. त्याच वर्षी नेटफ्लिक्सचे रीड हेस्टिंग्ज म्हणाले होते की आमची स्पर्धा झोपेशी आहे. कमाईचा मार्ग जाहिरात असेल तर तुमचा प्रत्येक जादा मिनिट हा विकायचा माल असतो. यात गुपित काही नाही.

या धंद्याची बाराखडी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या बी. जे. फॉग यांच्याकडून आली. त्यांनी 1998 मध्ये तिथे एक प्रयोगशाळा काढली, विषय असा की संगणकाच्या मदतीने माणसाची वागणूक कशी वळवता येते. त्यांची मांडणी सोपी आहे. कुठलंही वागणं घडायला तीन गोष्टी एकाच क्षणी जुळाव्या लागतात: इच्छा, सोपेपणा आणि टोचणी. यातली इच्छा बाहेरून फारशी वाढवता येत नाही. म्हणून सगळी मेहनत उरलेल्या दोघींवर होते. काम इतकं सोपं करायचं की विचाराची गरज पडू नये, आणि टोचणी बरोबर वेळेला द्यायची.

टोचणी म्हणजे नोटिफिकेशन, आणि ती समजायला तुमच्या मिस्टरांचं उदाहरण उत्तम आहे. रावेरचा, बऱ्हाणपूरचा भाव व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो. तो बघणं हे खरं काम, त्यात चूक काही नाही. पण स्क्रीन उजळली की त्या एका मेसेजच्या वर-खाली आणखी चार जण उभे असतात. 'कोणीतरी तुमच्या पोस्टवर कमेंट केली.' हे वाक्य नीट वाचा. कोणी केली, काय केली, यातलं काही सांगितलेलं नाही. सांगता आलं नसतं का? सहज आलं असतं. पण तिथेच वाचून झालं तर माणूस ॲप कशाला उघडेल? अशा अर्धवट वाक्यांवर आमच्याकडे तासन् तास चर्चा व्हायच्या. शिवाय ही टोचणी कधी द्यायची तेही ठरलेलं असतं. तुम्ही रोज साधारण किती वाजता मोकळे असता ते ॲपला तुमच्या आधीच्या वागण्यावरून कळलेलं असतं.

म्हणजे फोन उघडायचं कारण एक आणि फोनमध्ये राहायचं कारण दुसरंच. मिस्टर भावासाठी आत शिरतात, ग्रुपवर कुणीतरी टाकलेल्या लिंकवरून बाहेर पडतात, ती लिंक त्यांना व्हिडिओच्या ॲपमध्ये नेऊन सोडते, आणि भावाचा आकडा डोक्यात बसायच्या आत पुसला जातो. विसरभोळेपणा म्हणून त्यांना बोलू नका.

आता पत्त्याच्या पानाकडे येऊ, कारण खरा जोर तिथे आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर उंदीर आणि कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळतो असं असेल तर पाखरू भूक लागली की दाबतं, पोट भरलं की सोडतं. पण दाणा कधी पहिल्या दाबण्याला, कधी दहाव्याला, कधी तिसाव्याला मिळत असेल तर ते दाबतच राहतं. दाणा देणं बंद केलं तरी बराच वेळ सोडत नाही. तुम्ही बोटाने स्क्रीन खाली ओढता, छोटं चक्र फिरतं, आणि नवं काहीतरी येतं किंवा येत नाही. ही ओढायची खूण लॉरेन ब्रिक्टर या प्रोग्रॅमरने ट्वीटी नावाच्या छोट्या ॲपसाठी बनवली होती. त्याच्या मनात सोय होती. पण हाताखाली तयार झाली ती स्किनरची कळ.

इथे एक गैरसमज काढतो, कारण हल्ली जो तो 'डोपामीन, डोपामीन' करतो. डोपामीन म्हणजे आनंदाचं रसायन, फोन बघितला की ते पाझरतं, म्हणून आठवडाभर 'डोपामीन डिटॉक्स' करा, असं सांगणारे व्हिडिओ त्याच ॲपवर फिरतात, ही गंमत वेगळीच. वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं ते जरा निराळं आहे. अनपेक्षित बक्षीस मिळालं की मेंदूतल्या डोपामीनच्या पेशी जोरात चालतात. तेच बक्षीस नेहमीचं झालं की बक्षिसाला त्या गप्प राहतात आणि बक्षिसाची चाहूल देणाऱ्या खुणेला चालू लागतात. म्हणजे ओढ असते ती चाहुलीची. म्हणूनच तासभर रील्स बघून उठणाऱ्याला 'काय बघितलंस' विचारलं तर त्याला धड सांगता येत नाही आणि मजा आली असंही तो म्हणत नाही. मजा येणं वेगळं आणि पुढचं हवंसं वाटणं वेगळं.

हे फक्त करमणुकीच्या ॲपपुरतं आहे असं समजू नका. पैसे पाठवण्यासारख्या रुक्ष कामालाही तेच लावलं गेलं. गुगल पे आपल्याकडे 2017 मध्ये तेझ या नावाने आलं तेव्हापासून त्यात स्क्रॅच कार्ड होती. खरवडलं की कधी पैसे, कधी 'बेटर लक नेक्स्ट टाइम'. 2019 च्या दिवाळीत त्यांनी पाच चित्रं जमवायला लावली, पाची जमली की 251 रुपये. त्यातली रांगोळी काही केल्या मिळायची नाही. तुम्हाला आठवत असेल, सगळ्या गावाने एकमेकांना 'तुझ्याकडे रांगोळी आहे का' विचारून हैराण केलं होतं. 251 रुपयांसाठी जी माणसं एरवी बस स्टँडवर दहा मिनिटं थांबली नसती ती आठवडाभर ॲप उघडत होती, आणि वर नात्यागोत्यातल्यांना ते घ्यायला लावत होती.

सासूबाईंचं प्रकरण याहून साधं आणि याहून पक्कं आहे. त्यांना पत्त्याच्या पानाची उत्सुकता नसते. त्यांच्या बाबतीत फक्त शेवट काढून टाकलाय. पूर्वी वेबसाइटला पानं असायची. पान संपलं की 'पुढचे पान' दाबावं लागायचं, आणि त्या दाबण्याच्या क्षणी माणूस स्वतःला विचारायचा, पुरे का आता? एझा रास्किन या डिझायनरने 2006 मध्ये पान न संपणारी रचना तयार केली, खाली जाल तसं आपोआप भरत जाणारी. पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे यावर खंत व्यक्त केली. व्हिडिओत तेच काम ऑटोप्ले करतं. भजन संपतं, काही सेकंदांत दुसरं लागतं. उठायचा निर्णय घ्यावा लागतो, बसून राहायचा घ्यावा लागत नाही. हा सगळा फरक त्या एका वाक्यात आहे.

आणि पुढचं काय लागेल ते कोण ठरवतं? यूट्यूबने 2012 मध्ये आपलं माप बदललं. तोवर किती जणांनी क्लिक केलं ते मोजायचे, नंतर किती वेळ पाहिलं ते मोजू लागले. 2018 मध्ये त्यांच्याच अधिकाऱ्याने सांगितलं की पाहिल्या जाणाऱ्या वेळेपैकी 70 टक्क्यांहून जास्त वेळ शिफारशीतून येतो. सासूबाईंनी एक अभंग मागितला. त्यानंतर आलेली अहिराणी गाणी, कुठल्या बाबांचा चमत्कार, गुडघेदुखीवरचा काढा, सासू-सुनेचं नाटक, यातलं काहीच त्यांनी मागितलेलं नाही. यंत्राला भक्ती कळत नाही आणि गुडघाही कळत नाही. त्याला कळतं की या वयाच्या, या भागातल्या, अशीच गाणी ऐकणाऱ्या बायका कशावर थांबल्या. त्या काढ्याच्या व्हिडिओंवर मात्र लक्ष ठेवा. डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून काढा सुरू झाल्याची उदाहरणं मी जवळून बघितली आहेत.

आता चिरंजीव. त्याच्यावर सगळीच शस्त्रं एकदम चालतात म्हणून त्याचं कठीण आहे.

रील्समध्ये पत्त्याच्या पानाची उत्सुकता आणि न संपणं दोन्ही एकत्र आलं. आवडलं की नाही ते तुम्ही सांगावं लागत नाही. किती सेकंद थांबलात, पुन्हा फिरवून बघितलंत का, किती झटक्यात वर ढकललंत, एवढ्यावर यंत्राचं भागतं. बारा-पंधरा सेकंदांचे तुकडे असल्याने दहा मिनिटांत त्याला चाळीस-पन्नास उत्तरं मिळतात. दोन तासांच्या सिनेमातून एकच मिळालं असतं. टिकटॉकची ताकद इथे होती. 29 जून 2020 ला आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली तेव्हा धुळे-जळगावकडची अहिराणीत व्हिडिओ करणारी कितीतरी पोरं एका रात्रीत बेघर झाली. त्याच जुलैत भारतात इन्स्टाग्रामचे रील्स आले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स. ॲप गेलं, घडण राहिली. म्हणून 'अमुक ॲप बंद करा' या मागणीवर माझा फार विश्वास नाही.

दुसरं शस्त्र मित्रांचं. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा 2014 च्या नोव्हेंबरात आल्या. त्याआधी उत्तर उशिरा दिलं तर 'बघितलं नाही' म्हणता यायचं. स्नॅपचॅटवरचा स्ट्रीक म्हणजे दोघांनी रोज एकमेकांना काहीतरी पाठवलं की आकडा वाढतो, एक दिवस चुकला की शून्य. दोनशेवर गेलेला आकडा मोडायचा म्हणजे मैत्रीत खोट काढल्यासारखं होतं. गेममधलं रोजच्या हजेरीचं बक्षीस आणि महिन्या-दोन महिन्यांनी संपणारा सीझन हेही त्याच जातीचं. मिळवण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचं दुःख माणसाला जास्त बोचतं, हे डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच मांडलं होतं. पोराला ते पुस्तकातून शिकावं लागत नाही. 'आते ठेवस ना' म्हणून तो जो आणखी अर्धा तास घेतो तो बहुतेक वेळा काही मिळवायला नसतो, असलेलं जाऊ नये म्हणून असतो. तो अर्ध्यात असताना फोन हिसकावला तर तो इतका का चवताळतो त्याचंही हेच कारण.

तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही, आणि ती ॲपमध्ये नाहीच. ती रिचार्जमध्ये आहे. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं. त्याआधी एक जीबी महिनाभर पुरवायचा असायचा. डेटा संपणं ही केवढी मोठी उठायची जागा होती! आता रोज दीड किंवा दोन जीबी मिळतो, आणि रात्री बाराला उरलेला बुडतो. मग अकराच्या सुमाराला 'उरलाय तर वापरून घेऊ' हा हिशेब पोरंच कशाला, मोठी माणसंही करतात. आणि बाराला नवा कोटा सुरू! शेतावर रात्रीच्या लाईटला मोटर सुरू करून बसलेल्या माणसाला हे विचारून बघा.

पैसे लावून खेळायच्या गेमबद्दल वेगळं सांगतो, कारण तिथे वेळेबरोबर घरही बुडतं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणारा त्यात गुन्हेगार नाही, हे मुलांना मुद्दाम सांगा, म्हणजे फसले तर लपवणार नाहीत. टेलिग्रामवरच्या लिंकने येणारी बेकायदा ॲप अजून फिरतात, तेव्हा त्याच्या यूपीआयचा तपशील महिन्याला एकदा त्याच्यासोबत बसून बघा.

खरेदीच्या ॲपचं थोडक्यात. 'फक्त 2 शिल्लक', उलटं चालणारं घड्याळ, 'नको, मला बचत करायची नाही' असं लाजवणारं बटण, न विचारता टोपलीत टाकलेला विमा, याला धंद्यात डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला असे 13 प्रकार नावानिशी बंद केले. तक्रारीचा नंबर 1915. मात्र न संपणारी फीड किंवा ऑटोप्ले त्या तेरात नाही. कायद्याने फसवणूक पकडली, बसवून ठेवणं सोडून दिलं. डेटा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यावरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. त्याची वाट बघत बसू नका.

आता करायचं काय. बुजवलेल्या जागा परत उकरायच्या, प्रत्येकाच्या वेगळ्या.

मिस्टरांचं सगळ्यात सोपं, तिथून सुरू करा. सेटिंगमध्ये जाऊन माणसांचे कॉल, मेसेज आणि बँक सोडून बाकी सगळ्या ॲपची नोटिफिकेशन्स बंद करा. अँड्रॉइड 13 पासून नव्या ॲपला आधी परवानगी मागावी लागते, तिथे 'नको' म्हणायची सवय लावा. व्हॉट्सॲपमध्ये भावाचा ग्रुप सोडून बाकी ग्रुप म्यूट. आणि त्या व्यापाऱ्याला सांगा, भावाचा फोटो टाकू नका, आकडा टाइप करा. आकडा टाइप केला की तो कुलूप लावलेल्या स्क्रीनवरच दिसतो, आत जावंच लागत नाही. माझ्या ओळखीच्या दोन शेतकऱ्यांचं एवढ्यावर भागलं.

सासूबाईंच्या यूट्यूबमध्ये ऑटोप्ले बंद करा, आणि त्याहून जालीम उपाय म्हणजे वॉच हिस्टरी पुसून बंद करा. ऑगस्ट 2023 पासून हिस्टरी बंद आणि रिकामी असेल तर यूट्यूब होमवर शिफारशी दाखवतच नाही, पान कोरं येतं. इतकं मोठं बटण असून ते दाबणारा माणूस मला क्वचितच भेटतो. मग त्यांच्या आवडीच्या भजनांची एक प्लेलिस्ट करून द्या. ती संपली की संपली. फक्त एक लक्षात घ्या. दुपारी त्यांच्याशी बोलायला घरात कुणी नाही, म्हणून त्या फोनशी बसतात. 2018 च्या निवडणुकीआधी अमेरिकेत काही हजार लोकांवर एक प्रयोग झाला होता. चार आठवडे फेसबुक बंद ठेवणाऱ्यांना रोज सरासरी तासभर मोकळा मिळाला, आणि तो थोडा टीव्हीकडे, थोडा घरच्यांकडे गेला. सासूबाईंच्या बाबतीत घरचं कुणी नसेल तर सगळाच टीव्हीकडे जाईल. मग शेजारच्या जिजींकडे जायची वेळ ठरवून द्या, नाहीतर उगाच त्यांच्या हातातलं काढून घेतल्याचं पाप.

मुलासाठी फोनमधल्या टायमरवर भिस्त ठेवू नका. अँड्रॉइडमधला डिजिटल वेलबीइंग हा टायमर 2018 पासून आहे, पण त्याची मर्यादा त्याची त्यालाच दोन बोटांत वाढवता येते. कंपनीने दिलेला ब्रेक हा 'ओके' दाबला की जाणारा असतो, नाहीतर ए-बी टेस्टमध्ये तो टिकला नसता. एक बघा, त्याच्या इन्स्टाग्रामवर जन्मतारीख खरी आहे का. भारतात 2025 मध्ये अल्पवयीनांसाठी टीन अकाउंट आलं, त्यात रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन्स गप्प राहतात. खोट्या वयाने खातं काढलं असेल तर ते लागू होत नाही. सोळा पूर्ण असेल तर तो ते स्वतः बदलूही शकतो, म्हणजे शेवटी बोलणंच आलं. माझ्या अनुभवात दोन गोष्टी टिकतात. एक, ॲप काढून ब्राउझरमधून वापरणं. बंदी नाही, पण दर वेळी लॉगिन करावं लागतं आणि चालतंही जरा अडखळत, तेवढी खीळ पुरते. दुसरी, चार्जर हॉलमध्ये. रात्री साडेदहाला सगळ्यांचे फोन तिथे, तुमचा आणि मिस्टरांचाही. अलार्मसाठी फोन लागतो हे कारण येईलच, दोनशे रुपयांचं घड्याळ आणा.

यापेक्षा मोठं एक आहे आणि ते तुमच्याच हातात आहे, कारण तुम्ही शिक्षिका आहात. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना अर्थतज्ज्ञांनी विचारलं, टिकटॉक, इन्स्टाग्राम सोडायचे किती पैसे घ्याल? एकट्याने सोडायचं तर मुलांनी पैसे मागितले. पण तुमच्या कॉलेजातल्या सगळ्यांनीच सोडलं तर? तेव्हा बरीच जणं उलट स्वतःच्या खिशातून द्यायला तयार होती. म्हणजे पुष्कळांना ते नकोच आहे, फक्त एकटं बाहेर राहायचं नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावाचे फोन-टीव्ही बंद. ते चालतं कारण त्या दीड तासात ऑनलाइन कुणीच नसतं, चुकतं असं काही नसतं. तुम्हाला भोंगा नको. मुलाचे चार-पाच खास मित्र असतील, त्यांच्या आयांना गाठा आणि साडेदहाची वेळ सगळ्या घरांत एकच करा. स्ट्रीक मोडला तर सगळ्यांचा मोडेल.

आणि रागावणार नसाल तर सांगतो, वर्गाच्या ग्रुपवर रात्री नऊनंतर गृहपाठाचा फोटो टाकणं तुमच्या शाळेतही चालत असेल. तो फोटो बघायलाच मुलं फोन मागतात आणि नाही म्हणता येत नाही. संध्याकाळी सहानंतर ग्रुपवर काही पडणार नाही असं मुख्याध्यापकांकडून एकदा ठरवून घ्या. ग्रुपमध्ये 'फक्त ॲडमिन मेसेज करू शकतील' हे सेटिंग आहेच.

शेवटचं, व्यसन हा शब्द जपून वापरा, विशेषतः त्याच्यासमोर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, रील्सचं व्यसन असं काही नाही. गेमिंगलाही आजार म्हणायला सहसा वर्षभर तीच तऱ्हा दिसावी लागते: आवरता येत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही चालूच. उशिरा झोपणारा अकरावीतला मुलगा एवढ्याने त्यात बसत नाही. पण कॉलेज सुटायला लागलं, जेवण सुटलं, पैसे गायब होऊ लागले, किंवा फोन काढल्यावर तो स्वतःला इजा करायची भाषा करू लागला तर थांबू नका. टेली-मानसचा 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. तो फोन करायला तयार नसेल तर पहिला फोन तुम्ही करा, आईवडिलांशीही ते बोलतात.